घरातल्या फोटोंसाठी कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा जोर कसा कमी-जास्त करावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारसं, डोहाळजेवण, गौरी-गणपती, हळदीकुंकू, साठीशांत. नाशिकमध्ये घरातल्या कार्यक्रमांचे फोटो स्वतःच काढणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कॅमेऱ्यातच बसवलेल्या, बटण दाबलं की वर येणाऱ्या छोट्या फ्लॅशपुरतंच हे पान आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. हा फ्लॅश खोली उजळण्यासाठी नाही. खोलीचा उजेड खोलीनंच द्यावा, फ्लॅशनं फक्त चेहऱ्यावरची सावली भरून काढावी. खालची बहुतेक उत्तरं याच एका विचारातून आली आहेत.

फ्लॅश मारला की चेहरा पांढराफटक आणि मागचं घर काळं का होतं?

फ्लॅशचा प्रकाश अंतराबरोबर फार झपाट्यानं ओसरतो. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. बारशाला पाळण्याशी उभी असलेली आत्या तुमच्यापासून १ मीटरवर आणि मागे बसलेल्या बायका ३ मीटरवर असतील, तर त्यांच्यापर्यंत आत्याच्या नवव्या हिश्श्याइतकाच प्रकाश पोचतो. कॅमेरा आत्याच्या हिशेबानं फ्लॅश मारतो, म्हणून बाकी सगळे अंधारात जातात. त्या हिशेबात थोडी गफलत झाली तर आत्याही जळते, म्हणजे पांढरीफटक होते.

त्यात हा फ्लॅश लेन्सच्या जवळजवळ रेषेतच असतो. समोरून सपाट प्रकाश पडला की नाक, गाल, कपाळ यांचा उठाव जातो आणि पाठच्या भिंतीवर कडक सावली उमटते. जोर कमी केल्यानं प्रकाशाची दिशा बदलत नाही, पण तो डोळ्यांत खुपेनासा होतो.

जोर कमी करण्याची सोय नेमकी कुठे असते?

तिचं नाव फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, किंवा थोडक्यात फ्लॅश कॉम्पेन्सेशन. खूण म्हणजे विजेची नागमोडी रेघ आणि तिच्या शेजारी अधिक-उणे.

निकॉनच्या डी३५००, डी५६०० अशा मॉडेलांवर लेन्सशेजारचं फ्लॅशचं बटण आणि वरचं अधिक-उणेचं बटण, दोन्ही एकत्र दाबून धरा आणि चाक फिरवा. डी७५०० सारख्या दोन चाकांच्या कॅमेऱ्यात फ्लॅशचं बटण धरून पुढचं चाक फिरवलं की झालं. निकॉनमध्ये उणे ३ पासून अधिक १ पर्यंत जाता येतं. कमी करायला जागा जास्त आणि वाढवायला कमी ठेवली आहे, आणि घरातल्या कामाला ते बरोबरच आहे.

कॅननमध्ये क्यू बटण दाबून येणाऱ्या पडद्यावर ही खूण शोधा, किंवा मेनूत फ्लॅश कंट्रोल उघडून बिल्ट-इन फ्लॅश सेटिंग्जमध्ये जा. सोनीत एफएन बटणाखाली किंवा मेनूत फ्लॅश कॉम्प नावानं सापडतं.

उणे १ म्हणजे फ्लॅशचा प्रकाश निम्मा, उणे २ म्हणजे चौथाई. मधले टप्पे साधारण एक तृतीयांशाचे असतात. एक लक्षात ठेवा : कॅमेरा बंद केला तरी हा आकडा बऱ्याच मॉडेलांत तसाच राहतो. पुढच्या कार्यक्रमाला फोटो विनाकारण काळवंडले, तर आधी हाच आकडा बघा.

माझ्या कॅमेऱ्यात तो पर्याय फिकट दिसतो, निवडताच येत नाही. बिघडलाय का?

नाही. तुमचं वरचं गोल चाक हिरव्या ऑटोवर किंवा एखाद्या चित्राच्या खुणेवर आहे. तिथे सगळे निर्णय कॅमेरा स्वतः घेतो. चाक पी वर आणा. पी मध्येही बाकीचं काम कॅमेराच करतो, पण फ्लॅशचा जोर तुमच्या हातात येतो. पी मध्ये फ्लॅश आपोआप उघडत नाही, तो बटण दाबून वर काढावा लागतो.

उणे किती ठेवू? एकच आकडा सांगा.

उणे १ पासून सुरू करा. पण नुसता फ्लॅश कमी करून थांबलात तर चेहराही अंधारेल आणि मागचं घर होतं तसंच काळं राहील. आधी खोलीचा उजेड फोटोत आणावा लागतो. मी ज्या क्रमानं करतो तो असा.

चाक एम वर (इथे सगळे आकडे आपण ठरवायचे). फ्लॅश बंद. शटर (ते किती वेळ उघडं राहतं) १/५० सेकंद, किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती) असेल तर अ‍ॅपर्चर एफ/४ ते एफ/५.६ (लेन्सचं भोक, आकडा लहान तितकं मोठं), आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) ८००. आता फ्लॅशशिवाय एक फोटो काढा. तो थोडा अंधारा दिसला पाहिजे, पण भिंतीवरचं कॅलेंडर, दाराचं तोरण, मागे बसलेली माणसं ओळखू आली पाहिजेत. सगळंच काळं असेल तर आयएसओ १६०० करा. फारच उजळ आला तर ४०० वर या. तुमच्या दिवाणखान्यासाठी हा आकडा एकदा सापडला की संध्याकाळभर त्याला हात लावायची गरज पडत नाही.

मग फ्लॅश वर काढा, उणे १ लावा आणि माणसाचा फोटो घ्या. गालावर, कपाळावर चकाकी दिसली तर उणे १.३, उणे १.७ असं उतरत जा. डोळ्यांच्या खोबणी काळ्या राहिल्या तर उणे ०.७ वर या. फोटो बघणाऱ्याला फ्लॅश मारलाय हे चटकन कळू नये, त्या टप्प्यावर थांबा.

हे जमतं त्यामागचं कारण समजून घेतलं तर आकडे पाठ करावे लागत नाहीत. फ्लॅशचा झोत अगदी क्षणाचा, पूर्ण जोरातसुद्धा साधारण एक सहस्रांश सेकंदाच्या आसपासचा. शटर १/५० असो की १/२००, तो झोत तेवढाच आत येतो. म्हणून शटर हळू केलं की फक्त खोलीचा उजेड वाढतो. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोघांवर परिणाम करतात. आणि फ्लॅश कॉम्पेन्सेशन फक्त फ्लॅशवर. हे तीन वेगळे नळ आहेत असं समजा.

१/५० च का, तर आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. काही एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. वेगवान शटरला त्यामुळे फोटोत आडवे पट्टे किंवा रंगांची गडबड येऊ शकते. १/५० किंवा १/१०० ला ती सहसा टळते.

आमचा जुना वाडा आहे. तिथे उणे १ करूनही चेहरे जळतात, फ्लॅटमध्ये मात्र ठीक येतात. असं का?

हा प्रश्न पंचवटीतून येतो, तिवंध्याकडून येतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जुन्या नाशिकमधले वाडे एकेक करून उतरवले जात आहेत. ज्यांच्या घरात अजून सागवानी खांब, तुळया आणि कडीपाटाचं छत शाबूत आहे, त्यांनी माजघरातले फोटो नीट काढून ठेवलेच पाहिजेत.

कारण असं. कॅमेरा फोटोच्या आधी एक छोटा चाचणी-झोत मारतो, तो परत किती आला हे लेन्समधून मोजतो आणि त्यावरून खरा झोत ठरवतो. याला टीटीएल म्हणतात. हा हिशेब चौकटीतल्या गोष्टी सरासरी मध्यम रंगाच्या आहेत असं धरून चालतो. वाड्यात पाठीमागे काळपट लाकूड आणि दूरचा अंधार असतो. प्रकाश परत येत नाही, कॅमेऱ्याला वाटतं अजून जोर हवा, आणि तो सगळा वाढीव जोर पुढे बसलेल्या आजींच्या चेहऱ्यावर पडतो. इंदिरानगरच्या किंवा गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये पांढऱ्या भिंती असतात, तिथे नेमकं उलट होतं. भिंत भरपूर प्रकाश परत पाठवते, कॅमेरा हात आखडता घेतो आणि चेहरा किंचित मंद येतो.

म्हणून वाड्यात उणे १.७ ते उणे २ पासून सुरुवात करा, पांढऱ्या भिंतीच्या खोलीत उणे ०.३ ते उणे ०.७ पुरतं. पांढरं धोतर किंवा पांढरी साडी चौकट भरून असेल तर शून्यावर, क्वचित अधिक ०.३ वरसुद्धा यावं लागतं.

वाड्यात आणखी एक करता येतं. फ्लॅशचा हिशेब फक्त चेहऱ्यावरून करायला कॅमेऱ्याला सांगायचं. कॅननमध्ये चेहरा मध्यभागी धरून ताऱ्याच्या खुणेचं बटण दाबा. चाचणी-झोत पडेल आणि जोर ठरून राहील, मग हवी तशी चौकट लावून फोटो घ्या. निकॉनच्या काही मॉडेलांत हेच काम एफव्ही लॉक नावानं एखाद्या बटणाला नेमून देता येतं. पहिला झोत पडला की माणसं फोटो झाला समजून उठतात, त्यांना आधी सांगून ठेवा.

आणि दिवसा जमत असेल तर चौकाकडच्या दारात, ओटीवर माणसाला बसवा. चौकातून येणाऱ्या उजेडाला फ्लॅशची फक्त उणे २ एवढीच जोड लागते. वाड्याच्या लाकडाचा रंग त्या उजेडात जसा दिसतो तसा कोणत्याही फ्लॅशमध्ये दिसत नाही.

अधिक-उणेचं साधं बटण आणि फ्लॅशचं अधिक-उणे यात फरक काय?

साधं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एकूण फोटोसाठी असतं, फ्लॅशचं फक्त फ्लॅशसाठी. पण इथे कंपन्यांचा स्वभाव वेगळा आहे. कॅननमध्ये साध्या बटणानं प्रामुख्यानं खोलीचा उजेड बदलतो, फ्लॅश वेगळा राहतो. निकॉनच्या बऱ्याच मॉडेलांत साधं बटण फ्लॅशलाही सोबत ओढतं. डी७५०० सारख्या कॅमेऱ्यात मेनूमधून ते फक्त पार्श्वभूमीपुरतं ठेवता येतं. एकाच घरात काका कॅनन आणि पुतण्या निकॉन वापरत असेल तर दोघांनी एकमेकांचे आकडे उसने घेऊ नयेत.

कॅननवर उणे २ केलं तरी फोटोत काहीच फरक दिसत नाही.

ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर बंद करा. ही सोय अंधारलेला फोटो आपणहून उजळते, त्यामुळे तुम्ही कमी केलेला फ्लॅश ती भरून काढते.

तरीही फरक नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. फ्लॅशलाही किमान जोराची मर्यादा असते. अर्ध्या मीटरवरून, आयएसओ ३२०० आणि एफ/१.८ ला तो किमान झोतसुद्धा जास्तच होतो. दोन पावलं मागे या, लेन्स झूम करा, आयएसओ उतरवा.

फ्लॅश टीटीएलवर ठेवू की मॅन्युअलवर, म्हणजे जोर स्वतः ठरवून?

माणसं हलत असतील, तुमचं अंतर बदलत असेल तर टीटीएल. हळदीकुंकवाला तुम्ही घरभर फिरता, तिथे मॅन्युअलचा उपयोग नाही.

अंतर कायम असेल तिथे मात्र मॅन्युअलसारखं सुख नाही. मखरातल्या गणपतीपुढे घरातले एकेक जोडपं येऊन आरतीचं ताट धरतं, तुम्ही एकाच जागी उभे आहात. अशा वेळी निकॉनच्या मेनूत बिल्ट-इन फ्लॅश टीटीएलवरून मॅन्युअलवर आणा आणि १/८ जोर लावून बघा. डी५६०० मध्ये १/३२ पर्यंत खाली जाता येतं, डी७५०० मध्ये १/१२८ पर्यंत. कॅननच्या ६००डी, ७००डी मध्येही मॅन्युअल आहे. चाचणी-झोत नसल्यानं डोळे मिटलेले फोटोही कमी येतात. कमी जोरात फ्लॅश लवकर पुन्हा तयार होतो आणि बॅटरी टिकते, हा वेगळा फायदा.

हा फ्लॅश किती लांब पोचतो? हॉलमधल्या ग्रुप फोटोला चालेल का?

प्रत्येक फ्लॅशला एक गाइड नंबर असतो, माहितीपुस्तिकेत दिलेला. तो अ‍ॅपर्चरच्या आकड्यानं भागला की आयएसओ १०० ला किती मीटर पोचेल ते कळतं. निकॉन डी५६०० चा गाइड नंबर १२ आहे. एफ/५.६ ला १२ भागिले ५.६, म्हणजे जेमतेम २.१ मीटर. आयएसओ चौपट केला की पल्ला दुप्पट होतो, म्हणजे ४०० ला ४.३ मीटर आणि १६०० ला साडेआठ. सोनी ए६४०० चा गाइड नंबर अवघा ६ आहे, त्याचा पल्ला याच्या निम्मा.

वीसएक जणांचा ग्रुप चौकटीत मावायला तुम्ही ४-५ मीटर मागे जाता. आयएसओ ८०० आणि एफ/५.६ ला पोचेल, पण पूर्ण जोरात. इथे उणे काही लावू नका, शून्यावर ठेवा. रांगा तीनपेक्षा जास्त करू नका आणि त्या एकमेकींना चिकटून ठेवा, म्हणजे पुढची रांग जळून मागची अंधारात जाणार नाही. दोन फोटोंमध्ये फ्लॅश तयार व्हायला वेळ द्या.

कालिदास कलामंदिरात लेकीचं नृत्य असेल आणि तुम्ही मधल्या रांगेत बसला असाल, तर हा फ्लॅश रंगमंचापर्यंत पोचणारच नाही. पुढच्या रांगांमधली डोकी तेवढी उजळतील आणि नाचणाऱ्या मुलींना त्रास होईल. बंद ठेवा. रंगमंचाचे दिवे पुरेसे असतात.

एव्ही किंवा ए मोडवर (अ‍ॅपर्चर आपण ठरवतो, शटर कॅमेरा) फ्लॅश मारूनही फोटो हललेला येतो.

कॅननच्या एव्ही मोडमध्ये कॅमेरा फ्लॅशला नुसती जोड समजतो आणि खोलीच्या उजेडासाठी शटर अर्ध्या सेकंदापर्यंतही उघडं ठेवतो. मेनूत एव्ही मोडमधला फ्लॅश सिंक वेग शोधा आणि १/२०० ते १/६० हा पर्याय निवडा. निकॉनच्या ए मोडमध्ये स्लो सिंक (फ्लॅशसोबत शटर हळू ठेवणारी सोय) लावला नसेल तर शटर सहसा १/६० च्या खाली जात नाही, म्हणून तिथे फोटो स्थिर पण पार्श्वभूमी काळी येते. दोन्ही कटकटी टाळायच्या तर एम बरा.

समई, निरांजन, दिवाळीच्या पणत्या यांच्या फोटोत फ्लॅश मारला की सगळी शोभा जाते.

ज्योतीचा प्रकाश फार पिवळा-तांबूस, साधारण १९०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप). फ्लॅश दिवसाच्या उजेडासारखा, ५५०० केल्विनच्या आसपास. दोन्ही एकत्र आले की चेहरा निळसर-पांढरा आणि ज्योत फिकी दिसते.

शक्य असेल तर फ्लॅश नकोच. आयएसओ १६००, शटर १/३०, अ‍ॅपर्चर जितकं उघडेल तितकं, कोपरं टेबलावर टेकवलेली. ५० मिलिमीटर एफ/१.८ ची लेन्स असेल तर गौरीपुढच्या समयांच्या उजेडात मुखवटे फार सुंदर येतात.

फ्लॅश लावायचाच असेल तर उणे २ किंवा त्याखाली, आणि त्यावर नारिंगीसर जिलेटिन पेपरचा तुकडा. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल सांभाळणारी सोय) बल्बच्या खुणेवर आणा. मखरासाठी आणलेल्या जिलेटिन पेपरातला तुकडाही चालतो. रंग तंतोतंत जुळणार नाही, पण नुसत्या पांढऱ्या फ्लॅशपेक्षा पुष्कळ जवळचा येतो.

पैठणीची जर आणि पितळेची भांडी पांढरी होतात.

जर आणि घासलेलं पितळ आरशासारखं वागतं. फ्लॅश समोरून पडला की तसाच लेन्समध्ये परत येतो. जोर उणे १.७ करा, पण खरा उपाय कोन बदलण्याचा. साडी नेसलेल्या बाईला तुमच्याकडे अर्धवट वळून उभं राहायला सांगा. पदरावरचे मोर दाखवायचे असतील तर पदर फ्लॅशला सरळ समोर येऊ देऊ नका. येवल्याची पैठणी विणायला लागणारी मेहनत फोटोत दिसायची तर खिडकीजवळ, बाजूनं येणाऱ्या उजेडात फोटो घ्यावा. रेशमाची धूपछाव फ्लॅशमध्ये उरत नाही.

देव्हाऱ्यातल्या पितळी मूर्ती आणि तांब्याचे कलश यांनाही हेच लागू. चष्मा आणि काचेतल्या तसबिरींना सुद्धा : चष्मा घातलेल्यांना हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा, तसबिरीला थोडं बाजूनं गाठा.

डोळे लाल का येतात? आणि तान्ह्या बाळाला फ्लॅशनं इजा होते का?

अंधारात डोळ्याची बाहुली मोठी उघडलेली असते. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असल्यानं प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून, तिथल्या रक्ताचा रंग घेऊन, सरळ लेन्समध्ये परत येतो. खोलीतले सगळे दिवे लावा म्हणजे बाहुली आकसेल, आणि माणसाला लेन्सच्या थोडं बाजूला बघायला सांगा. रेड-आय कमी करणारी सोय आधी दिवा पेटवते आणि मग फोटो घेते. त्या मधल्या वेळात लहान मुलं हलतात, म्हणून मी ती वापरत नाही.

कॅमेऱ्याच्या साध्या फ्लॅशनं निरोगी बाळाच्या डोळ्यांना इजा होते असं मानलं जात नाही. तरी बाळ दचकतं, आणि दचकलेल्या बाळाचा फोटो चांगला येत नाही. जवळून मारू नका, खिडकीचा उजेड घ्या. मात्र एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. फ्लॅशच्या फोटोंमध्ये बाळाच्या एका डोळ्यात लाल ऐवजी पांढरी चमक वारंवार दिसत असेल, तर बाळाला लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बऱ्याचदा ती कोनामुळे आलेली असते, पण कधी कधी ती गंभीर आजाराची पहिली खूण असते.

फ्लॅशपुढे टिश्यू पेपर किंवा बटर पेपर लावला तर?

प्रकाश कमी होतो, थोडा पसरतो. पण फ्लॅशचा आकार लहानच राहतो, म्हणून सावली फारशी मऊ होत नाही. टीटीएल ती घट भरून काढायला जोर वाढवतो, त्यामुळे कॉम्पेन्सेशन उणेच ठेवा. कागद फ्लॅशच्या काचेला चिकटवू नका, ती तापते.

छत पांढरं आणि बुटकं असेल तर फ्लॅशपुढे लग्नपत्रिकेचा पांढरा जाड तुकडा तिरका धरून प्रकाश वर उडवता येतो. जोर बराच वाया जातो, तेव्हा आयएसओ १६०० आणि कॉम्पेन्सेशन शून्य. सोनी ए६००० आणि ए६४०० मध्ये तर फ्लॅशच बोटानं मागे कलता धरून छताकडे वळवता येतो. कडीपाटाखाली मात्र हा उपाय चालत नाही, काळं लाकूड प्रकाश गिळतं आणि उरलेला तांबूस करून परत देतं.

फोटोच्या खालच्या बाजूला अर्धगोल काळी सावली येते.

ती लेन्सची किंवा तिच्या हुडची (लेन्सपुढे लावतात त्या कड्याची). हुड काढा, थोडं झूम करा, निदान १ मीटर अंतर ठेवा.

माझ्या नव्या कॅमेऱ्यात फ्लॅशच नाही. आणि मोबाईलचं काय?

कॅनन आर७, निकॉन झेड३०, सोनी ए६७०० यांत अंगचा फ्लॅश नाही. कॅनन आर१० आणि आर५०, निकॉन झेड५० यांत आहे. फक्त घरातल्या फोटोंसाठी घेणार असाल तर दुकानात आधी हे विचारा. नसेल तर डोकं वळवता येणारा छोटा बाहेरचा फ्लॅश घ्या, तो पांढऱ्या छताकडे वळवला की वरचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

बहुतेक मोबाईलमध्ये फ्लॅश म्हणजे एलईडी दिवा असतो आणि त्याचा जोर सहसा कमी-जास्त करता येत नाही. तो बंद ठेवा. दुसऱ्या कुणाला त्यांच्या मोबाईलचा टॉर्च बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर मारायला सांगा आणि भिंतीवरून येणाऱ्या उजेडात फोटो घ्या.